बे कागद

वसुमतीला एका जागी बसवत नसे. तंजावरच्या हनुमंतराव वकिलांच्या ऑफिसात तिनं बावीस वर्षं टायपिंग केलं, आधी मशीनवर आणि मग कॉम्प्युटरवर, पण समोरचा अशील बोलायला लागला की तिची बोटं थांबत आणि ती मधेच विचारून बसे, "त्या दिवशी तुम्ही गावात होतात का पण?" हनुमंतराव चष्म्यावरून बघत. "वसुमती, उलटतपासणी मी कराची आहे," म्हणत, आणि तिचा प्रश्न हळूच आपल्या वहीत टिपून घेत.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा हनुमंतरावांनी ऑफिस बंद केलं. वसुमती तेव्हा एकोणपन्नास वर्षांची. मुलगी वर्षा चेन्नईला नोकरीला, नवरा अनिरुद्धराव पापनाशमच्या कॉलेजात कॉमर्स शिकवायला सकाळच्या गाडीनं जाई तो संध्याकाळी येई. रिकाम्या घरात तिनं महिनाभर कपाटं लावली, परत काढली, परत लावली. मग दक्षिण वीधी या रस्त्यावरच्या एका ट्रस्टनं छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र काढलं आहे असं कळलं, तशी ती तिथं जाऊन उभी राहिली. सुरुवातीला दवाखान्यांच्या वेळा वाचून दाखवी. सहा महिन्यांत तिच्या हाती एक कार्यक्रम आला: दर गुरुवारी अकरा वाजता, अर्धा तास, थेट प्रक्षेपण. 'सट्टमुम् वाळ्वुम्', म्हणजे कायदा आणि जगणं. अर्थात तमिळमध्ये. मराठी, तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यांतली, घरात बोलायची, अनिरुद्धरावांशी, आणि जवळीवाल्या, म्हणजे कापडाच्या, दुकानात, साडीची किंमत जास्त वाटते हे दुकानदाराच्या समोर उभं राहून नवऱ्याला सांगायचं असलं की.

केंद्राचे प्रमुख सांबशिव. भला माणूस, पण परवाना जाईल या भीतीनं कायम अर्धमेला. "मॅडम, बातमी नको. आपल्या परवान्यात बातमी बसत नाही. माहिती द्या, चर्चा करा," हे ते दर गुरुवारी दारात उभं राहून सांगत. वसुमती मान हलवी आणि आत जाऊन पाहुण्यांना घाम फोडी. जुनी दंडसंहिता जाऊन नवी आली तेव्हा तिनं तीन वकील बसवून कुठलं कलम आता कितवं झालं ते वदवून घेतलं होतं. त्या दिवशी एका रिक्षावाल्यानं फोन करून विचारलं होतं, "मग चारशेवीस माणसाला आता काय म्हणायचं?" देवस्थानाच्या जमिनी कसणारी कुळं, फेरीवाल्यांचा कायदा, घरगुती लोणच्याला लागणारा परवाना, सगळं तिच्या अर्ध्या तासात येऊन गेलं होतं.

त्या सप्टेंबरात तिनं नरिकुरवरांचा विषय घेतला.

हे लोक देवळांच्या दारात आणि बसस्टँडवर मण्यांच्या माळा विकतात. पूर्वी शिकार करत, कोल्ही धरत, म्हणून तमिळ लोकांनी ठेवलेलं हे नाव. ते स्वतःला वाग्री म्हणवतात. वर्षानुवर्षं मागणी करकरून शेवटी संसदेनं कायदा केला आणि अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचं नाव आलं. आता जमातीचे दाखले हातात पडायला लागले होते. दाखला आला, पुढं काय? धंद्याला त्याचा उपयोग होतो का? एवढाच वसुमतीचा प्रश्न होता.

पाहुणे तीन आले. ओरत्तनाडूच्या रस्त्यावरच्या वस्तीतली मल्लिगा, वय चौतीस, दहावीपर्यंत शिकलेली, वस्तीतल्या बायकांच्या गटाची प्रमुख. तिच्याबरोबर तिची आई पोन्नी, जिला कोणी बोलावलं नव्हतं, पण लेकीला एकटीला धाडणार नाही म्हणून आली होती. आणि चिदंबर. तंजावरात त्याचं हस्तकलेच्या वस्तूंचं मोठं दुकान होतं, परदेशी माल जाई. गेल्या वर्षापासून तो या बायकांच्या माळा घाऊक घेत होता. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, बोलायला गोड. केंद्राला जाहिरातही देई.

पहिली पंधरा मिनिटं सुरळीत गेली. चिदंबर म्हणाला की या भगिनींच्या बोटांत कला आहे, फक्त बाजाराचा रस्ता दाखवणारा हवा. मल्लिगा म्हणाली की चिदंबर सार आल्यापासून ऊनपावसात बसावं लागत नाही. ती पाठ केल्यासारखं बोलत होती. वसुमतीला ते जाणवलं, पण माइकपुढं पहिल्यांदा बसणारी सगळीच माणसं तशी बोलतात.

मग गाणं लागलं. चार मिनिटांचं. बाहेर गाणं वाजत असताना पाहुण्यांचे माइक प्रक्षेपणात नसतात, पण निवेदकाच्या हेडफोनमध्ये ऐकू येतात, आणि कॉम्प्युटरवर वेगळे ध्वनिमुद्रितही होत राहतात. चिदंबर फोनवर बोलायला बाहेर गेला. पोन्नी लेकीकडं झुकली आणि आपल्या भाषेत काहीतरी भराभर बोलली.

वसुमती पुढचा प्रश्न कागदावर लिहीत होती. तिचं पेन थांबलं.

तिला समजलं होतं. सगळं नाही, तिसरा हिस्सा असेल. पण तमिळ, तेलुगू यांतलं काही नव्हतं ते; मराठी-गुजरातीच्या नात्यातलं वाटत होतं. कागद, असं म्हातारी म्हणाली. हात म्हणाली. अंगठ्याला जवळजवळ अंगठाच म्हणाली. आणि 'बे' म्हणाली. तो शब्द तर वसुमतीला लहानपणापासून पाठ होता. तिचे वडील वैद्यनाथ शाळेतले तमिळ पाढे झाले की रोज संध्याकाळी तिला मराठी पाढे म्हणायला लावत: बे एके बे, बे दुणे चार. तंजावरच्या अख्ख्या बाजारात दोनाला बे म्हणणारं दुसरं कोणी असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तुकडे जोडत गेली तसा अर्थ लागला. कागद दोन होते. एक वाचून दाखवला. दुसरा खाली ठेवून त्यावर अंगठे घेतले. त्याबद्दल तू काही बोलणार आहेस की नाही?

मल्लिगा एवढंच म्हणाली, "नाही." तो शब्द तर समजावून घ्यायलाही नको होता.

गाणं संपत आलं. चिदंबर परत येऊन बसला. वसुमतीनं लिहिलेला प्रश्न बाजूला सरकवला. नंतर तिला कितीदा वाटलं, की तेव्हा एक ग्लास पाणी प्यायलं असतं, तरी तेवढ्या वेळात डोकं ठिकाणावर आलं असतं. पण लाल दिवा लागला आणि ती बोलून गेली.

"चिदंबर सार, या बायकांशी तुमचा करार झालाय ना? किती कागदांवर त्यांचे अंगठे आहेत?"

"कागद? एकच की मॅडम. साधं संमतिपत्र. तमिळमध्ये वाचून दाखवलंय सगळ्यांना."

"दुसरा नव्हता? त्याच्याखाली?"

चिदंबरचं हसू होतं तिथंच राहिलं, पण मान हळूच मल्लिगाकडं वळली. आणि मल्लिगा बघत होती वसुमतीकडं. आधी नुसतीच गोंधळलेली. मग तिचे डोळे हेडफोनवर गेले, तिथून आईवर, परत वसुमतीवर, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"एकच कागद होता, अम्मा," ती माइकमध्ये म्हणाली, स्पष्ट आणि मोठ्यानं. "दुसरा कुठला? कोणी सांगितलं तुम्हाला?"

उरलेली दहा मिनिटं वसुमतीनं कशी रेटली तिलाच आठवत नाही. हस्तकला मेळाव्यांची माहिती दिली, दोन फोन घेतले, निरोप घेतला. चिदंबर कोणाशी न बोलता गाडीत बसून गेला. जिन्यात मल्लिगा थांबली. पोन्नी दोन पायऱ्या खाली उभी होती.

"आमचं बोलणं तुम्हाला कळतं?"

"थोडं. माझी भाषा मराठी आहे. मला माहीत नव्हतं की..."

"कळतं हे आधी सांगायचं होतं," मल्लिगा म्हणाली, आणि आईचा हात धरून उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी चिदंबरचं पत्र आलं. आपली जाहीर बदनामी झाली, खुलासा व्हावा, जाहिरात बंद. सांबशिवांनी ते पत्र वसुमतीच्या हातात न देता टेबलावर ठेवलं, सुलट करून, तिला वाचता येईल असं.

"मॅडम, तुम्हाला कुठून कळलं?"

तिनं सांगितलं. सांबशिवांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे पाहुण्यांचं खाजगी बोलणं ऐकून तुम्ही त्यावर प्रश्न विचारलात? आणि ज्यांच्यासाठी विचारलात त्यांनीच नाही म्हटलं?" ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती थकल्यासारखी कार्यक्रमांची वही पुढं ओढली. पुढच्या गुरुवारपासून कार्यक्रम थेट नको, आधी ध्वनिमुद्रित करून, ऐकून, मग लावायचा असं ठरलं.

घरी ती स्वयंपाकघर ते दार आणि दार ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या घालत राहिली. अनिरुद्धराव गाडीवरून येऊन पाय धुऊन बसले होते.

"कापी तशीच ठेवलीस की. काय झालं ग?"

तिनं सगळं सांगितलं. अनिरुद्धरावांनी पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "तू मुद्दाम ऐकलीस का?"

"मुद्दाम काय! कानांत पडलं. मी कराचं तरी काय होतं? त्या बायकांना फसवून सोडलाय तो माणूस."

"ते खरं. पण आपण जवळीवाल्याकडं बोलतो, ते त्याला कळत असतं आणि तो गप्प ऐकून घेऊन शेवटी बोलला असता, तर?"

"साडीची गोष्ट आणि ही एक कां?"

"एक नाही. मी कुठं एक म्हणत्यो?" अनिरुद्धरावांनी तिची गार झालेली कापी स्वतःच पिऊन टाकली. "तू तिकडं जाऊन ये. इथं फिरून फरशी झिजेल, दुसरं काही व्हाचं नाही."

दोन दिवस तिनं धीर गोळा केला. सोमवारी सकाळी ओरत्तनाडूची बस धरून ती वस्तीच्या थांब्यावर उतरली. वीस-पंचवीस घरं, काही सरकारी योजनेतली पक्की, काही पत्र्याची. ओट्यांवर बायका पक्कड घेऊन तारेत मणी ओवत होत्या. ती आत शिरली तसं बोलणं बंद पडलं. एकदम, सगळ्या ओट्यांवर. वसुमतीच्या लक्षात आलं की गोष्ट इथंपर्यंत पोचली आहे आणि आता तिच्यासमोर या बायका तोंड उघडणार नाहीत, आपल्या भाषेत तर नाहीच.

मल्लिगा घरात होती, बाहेर आली नाही. पोन्नीनं मात्र ओट्यावरची मण्यांची टोपली सरकवून जागा केली. ती तमिळमध्ये बोलू लागली, सावकाश.

"पोलीस पकडायचे ना आम्हाला, कुठं चोरी झाली की? तेव्हा त्यांच्यासमोर बोलायचो आम्ही. कोण कुठं पळालं, पोरं कुणाकडं ठेवली. त्यांना एक अक्षर कळायचं नाही. बसमध्ये लोक नाक मुरडायचे, आम्ही त्यांच्या तोंडावर त्यांना शिव्या घालायचो आणि हसायचो." ती खरंच जराशी हसली. "घराला दार नव्हतं तेव्हा हे एक दार होतं. तू त्याच्या आत उभी होतीस, आणि आम्हाला माहीत नव्हतं."

 तमिळ सोडून वसुमती एकदम मराठीत म्हणाली, "चूक झाली माझी." पोन्नीनं डोकं एका बाजूला करून ते शब्द ऐकले, ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितले.

"एवढं कळलं," ती म्हणाली.

तेवढ्यात मल्लिगा बाहेर आली. ती रागात होती, पण रागाच्या खाली काय होतं ते लवकरच बाहेर पडलं. दुसरा कागद होता. त्यावर काय लिहिलं होतं कुणालाच ठाऊक नव्हतं, इंग्रजीत होता. सात जणींचे अंगठे आणि सह्या. शिवाय सातही जणींचे मूळ जमात-दाखले चिदंबरनं 'घरात उंदीर खातील, तिजोरीत नीट राहतील' म्हणून स्वतःकडं ठेवून घेतले होते.

"माझ्या मुलीचं नर्सिंग कॉलेजचं बोलावणं आलंय. तिच्या दाखल्यासाठी माझा दाखला लागतो. पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला होता. आणि तुम्ही त्याच्या तोंडावर कागद विचारलात! मी काय म्हणायला हवं होतं, सांगा. हो, आहे दुसरा कागद? मग त्यानं दिला असता दाखला?" ती ओट्यावर येऊन बसली. "माझ्या आजीनं त्या यादीसाठी मोर्च्यात लाठी खाल्ली. आणि कागद आला तो त्याच्या तिजोरीत."

वसुमती उठून उभी राहिली. "दाखला त्याच्याकडं असू दे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अर्ज केलात तेव्हा फोनवर नंबर आला असेल. मेसेज. पुसला नाहीत ना?" मागं एका निवृत्त महसूल अधिकाऱ्याची मुलाखत तिनं घेतली होती. दाखला हरवला म्हणून रडत फोन करणाऱ्या माणसाला त्यांनी सांगितलं होतं की आता दाखला संगणकावर असतो, नंबर असला की ई-सेवा केंद्रातून पुन्हा काढता येतो, सहीसकट, आणि तो तितकाच खरा. "तिजोरीत जे आहे ना, ते नुसतं छापलेलं पान आहे. दाखला तिथं नाहीच."

मल्लिगानं फोन काढला. काच तडकलेली. दोन वर्षांचे मेसेज ती वरून खाली चाळत गेली. पोन्नीनं आपल्या भाषेत काही विचारायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मेसेज सापडला. तिघी पुढच्या बसनं ओरत्तनाडूला गेल्या, ई-सेवा केंद्रातल्या मुलीनं नंबर घातला, आणि छपाईयंत्रातून कागद बाहेर आला: मल्लिगाचं नाव, जमात, खाली चौकोनी ठिपक्यांचा शिक्का. मल्लिगानं तो दोन्ही हातांनी धरला. मग त्याच्या पाच प्रती काढायला सांगितल्या. मग म्हणाली, "दहा काढ."

परतीच्या थांब्यावर उभं असताना मल्लिगानं अट घातली. "आता भांडते मी त्याच्याशी. पण आईचं ते बोलणं तुमच्या मशीनमध्ये आहे ना? ते पुसून टाका. ती ते माझ्याशी बोलली होती."

वसुमतीनं तिथल्या तिथं कबूल केलं. तंजावरला उतरून घरी न जाता सरळ रेडिओ केंद्रात गेली, ध्वनिमुद्रण उघडलं, चार मिनिटांचा तो तुकडा कायमचा पुसला. पुसण्याआधी एकदाही ऐकला नाही. हात मात्र दोनदा ऐकण्याच्या बटणापर्यंत जाऊन मागं आला. मन म्हणत होतं, सगळं समजलं नव्हतं, आणखी काय म्हणाली होती म्हातारी? एकदाच ऐक.

दुसऱ्या दिवशी ती मल्लिगाला घेऊन हनुमंतरावांकडं गेली. ते आरामखुर्चीत पाय वर करून बसले होते. हकीकत ऐकून त्यांचे डोळे चमकले, आणि ध्वनिमुद्रणाचं ऐकून लगेच विझले.

"पुसलीस?" ते मराठीत कडाडले. "बावीस वर्षं माझ्याकडं काम करून पुरावा पुसून आलीस? म्हातारीनं न भिता, कोणी न विचारता बोललेलं! त्याला कोर्टात काय वजन असतं, मी तुला शिकवाचं राहिलं का?"

"तिचं बोलणं होतं ते, राव. माझं नव्हतं."

"माझं नव्हतं म्हणे!" त्यांनी पाय खाली घेतले. मल्लिगा दोघांच्या तोंडाकडं बघत होती. आता ही दोघं आपल्यासमोर आपल्याला न कळणाऱ्या भाषेत आपल्याबद्दल बोलत आहेत हे तिला दिसत होतं. वसुमतीनं ते ओळखलं आणि जे बोलणं झालं होतं ते शब्दन् शब्द तमिळमध्ये सांगितलं, पुरावा पुसण्यावरून मिळालेल्या शिव्यांसकट. मल्लिगा पहिल्यांदाच हसली. हनुमंतरावांना ते हसू बघून राग आवरावा लागला.

"बरं," ते तमिळमध्ये म्हणाले, "लांबचा रस्ता धरू या."

लांबच्या रस्त्याला अडीच महिने लागले. हनुमंतरावांनी त्यांच्या जुन्या ज्युनिअरला कामाला लावलं, नोटीस गेली, नोंदणी कार्यालयातून नक्कल मागवली. दुसरा कागद निघाला तो भागीदारीचा करार. सात वाग्री बायका आणि चिदंबर एका कंपनीचे भागीदार, बायकांचा वाटा निम्म्याहून जास्त. त्या जोरावर चिदंबरनं अनुसूचित जमातीच्या उद्योजकांसाठी राखलेला औद्योगिक भूखंड मागितला होता. कायदा बदलून जे या लोकांच्या पदरात पडायचं होतं ते त्यांच्याच अंगठ्यांनी उचलून नेण्याचा बेत. भूखंड अजून मिळाला नव्हता, एवढंच नशीब. सातही जणींनी आम्हाला न सांगता हे झालं असं प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात पोन्नीनं स्वतः, तमिळमध्ये, आपल्या शब्दांत हकीकत लिहवली. चिदंबरचा वकील आला, बोलला, परत आला. शेवटी करार रद्द झाला आणि भूखंडाचा अर्ज मागं घेतला गेला. फसवणुकीची तक्रार पोलिसांत आहे, ती चालू आहे, कुठवर जाईल सांगता येत नाही.

पण माळा घेणारा गेला तो गेलाच. शहरातल्या दुसऱ्या दोन दुकानदारांनीही 'या बायका कोर्टात जातात' म्हणून हात आखडले. मल्लिगा पुन्हा टोपली घेऊन तिरुवैयारूच्या देवळाबाहेर बसायला लागली. वसुमतीला ती तिथं एकदा दिसली, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. "ऊनपावसात बसावं लागत नाही" हे रेडिओवरचं वाक्य वसुमतीला आठवलं. तिथं थांबावं की न थांबावं हेच तिला कळेना. मल्लिगानंच हाक मारली, बाजूला बसवून घेतलं.

"पश्चात्ताप होतोय का?" वसुमतीनं विचारलं.

"कशाचा? मुलगी कॉलेजात गेली." मल्लिगानं एका गिऱ्हाइकाला माळ दाखवली, ते निघून गेलं. "तुम्हाला मात्र झोप लागत नाही असं तोंडावरनं दिसतंय."

"कार्यक्रमात खुलासा करायचा राहिलाय. तुम्ही तेव्हा नाही म्हणालात, ते लोकांनी ऐकलं. पुढचं कोणी ऐकलं नाही."

मल्लिगानं टोपलीतल्या माळा सारख्या केल्या. "मी बोलीन," ती म्हणाली. "पण तिथं येणार नाही. तुम्ही वस्तीत या. आणि ते बटण माझ्या हातात द्या."

म्हणून जानेवारीत, पोंगल झाल्यावर, वसुमती खिशात मावेल एवढं ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन वस्तीवर गेली. लाल दिवा कधी लागतो, कधी विझतो ते मल्लिगाला आणि पोन्नीला दाखवलं. मल्लिगानं ते हातात घेतलं, चारदा चालू-बंद करून पाहिलं. मग अकरा मिनिटं तमिळमध्ये बोलली. आपण खोटं बोललो, का बोललो, दुसरा कागद काय होता, दाखला नव्यानं कसा काढायचा. नावं कुणाची घेतली नाहीत. मग तिनं बटण बंद केलं, आईशी नजरेनं काही ठरवलं, परत चालू केलं, आणि आपल्या भाषेत बोलायला लागली. थेट, न थांबता. मधेच पोन्नीनं तिच्या हातातून यंत्र घेतलं आणि तीही बोलली. नऊ मिनिटं. वसुमती उठून पार रस्त्यापर्यंत चालत गेली आणि बसथांब्यावर उभी राहिली. बोलणं संपल्यावर मल्लिगाची मुलगी तिला बोलवायला आली.

सांबशिवांना ती नऊ मिनिटं पचेनात. "यात काय आहे ते मला कळायला नको? नोंदवहीत काय लिहू?"

"वाग्री भाषेत, वाग्री लोकांसाठी, असं लिहा."

"तुम्हाला कळतं ना? भाषांतर द्या."

"मला तिसरा हिस्सा कळतो. आणि तो त्यांनी मला सांगितलेला नाही. त्यांच्याकडून लिहून घ्या हवं तर."

सांबशिवांनी खरंच मल्लिगाला फोन केला. अर्धा तास बोलले. काय झालं कोण जाणे, पण खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांनी नोंदवहीत मजकूर लिहून सही केली होती आणि वही बंद करून स्वतःच्या कपाटात ठेवली.

गुरुवारी अकराला ते लागलं. वाग्री बोलणं सुरू होताच पहिले फोन आले ते तमिळ लोकांचे: हे काय लावलंय, गाणं लावा, भाषा कुठली, काय म्हणतायत? वसुमती सगळ्यांना एकच उत्तर देत होती, की हे बोलणं त्यांच्या माणसांसाठी आहे, पाच मिनिटांत तमिळ कार्यक्रम पुन्हा सुरू होईल. हेडफोन तिनं काढून टेबलावर ठेवला होता. तरी काचेपलीकडच्या खोलीतल्या स्पीकरमधून आवाज येत होताच, आणि एखादा शब्द कानात शिरून उभा राहत होता. ती उठली, पाण्याची बाटली भरून आणली, परत बसली, परत उठली.

कार्यक्रम संपता संपता पापनाशमहून फोन आला. माणूस तमिळमध्ये बोलत होता, पण शब्दांना वेगळंच वळण होतं. स्टेशनबाहेर माळा विकत होता. मागं पोरांचा गलका.

"अम्मा, आमची भाषा होती ना ती? रेडिओवर?"

"हो."

"चहाच्या टपरीवर लागलं होतं. मी पळत जाऊन बायकोला बोलवून आणलं, तोवर संपलं. तिचा विश्वास बसेना. परत कधी लावणार?"

वसुमती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. परत लावायचं का, हे मल्लिगाला विचारलंच नव्हतं.

"विचारून सांगते," ती म्हणाली. "तुमचा नंबर द्या."

तिनं नंबर लिहून घेतला, सांबशिवांना खुणेनं जाते म्हणून सांगितलं आणि चपला पायात सरकवल्या. ओरत्तनाडूची पावणेबाराची बस अजून मिळण्यासारखी होती.